हजर, पण घरून!

दोस्तांनो, तुमच्या वर्गात हजेरी कशी घेतात? बाई नाव पुकारतात, तुम्ही 'हजर!' म्हणून ओरडता, पटावर खूण होते आणि संपलं. पण समजा, एखादी मुलगी बाकावर नाही, वर्गात नाही, शाळेच्या आवारातसुद्धा नाही आणि तरी तिचा 'हजर' ऐकू येतो. मग ती हजर की गैरहजर? आमच्या वर्गात यावर एकदा चांगली अर्धा तास वादावादी झाली. निकाल काय लागला ते सांगेनच, पण आधी मागची हकिगत ऐका.

मी हिंजवडीला प्राथमिक शाळेत शिकवते. हिंजवडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? काचेच्या उंचच उंच इमारती, कॉम्प्युटरच्या कंपन्या आणि शिवाजी चौकातली ती न हलणारी वाहनांची रांग! पण या सगळ्याच्या पोटात जुनं गाव आहे. म्हातोबाचं देऊळ आहे, चैत्रात बगाड निघतं. आणि चाळींत, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी माझी मुलं आहेत. कुणाचे बाबा कंपनीच्या गेटवर वॉचमन, कुणाची आई सोसायट्यांमध्ये पोळ्या करते, कुणाचे दोघेही बांधकामावर.

मार्च २०२० मध्ये पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले आणि शाळांना कुलपं लागली. त्या चैत्रात म्हातोबाचं बगाडही निघालं नाही. जूनमध्ये नवं वर्ष सुरू झालं ते फोनवर. आता गंमत बघा. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर बसून लोक साऱ्या जगाचे कॉम्प्युटर चालवतात, आणि माझ्या वर्गातल्या कितीतरी घरांत मिळून फोन एक! तोही बाबांबरोबर ड्यूटीवर जायचा. म्हणून आमची शाळा भरायची संध्याकाळी सातला, बाबा घरी आल्यावर. मागे कुकरच्या शिट्ट्या, धाकट्या भावंडांची रडारड, कुणाची तरी आजी मधेच डोकावून "मॅडम, जेवलात का?" असं विचारायची. ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांना २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर लागणाऱ्या 'टिलीमिली' मालिकेचा आधार होता.

हे जगात पहिल्यांदाच घडत होतं असं समजू नका हं. १९३७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली. शाळा उघडायच्या राहिल्या. मग तिथल्या शिक्षकांनी काय केलं ठाऊक आहे? रेडिओवर शाळा भरवली! पंधरा-पंधरा मिनिटांचे धडे. कोणता विषय किती वाजता आणि कोणते प्रश्न सोडवायचे, ते वर्तमानपत्रात छापून यायचं. तीन लाखांहून जास्त मुलं अशी घरबसल्या शिकली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा खरखर फार होती, ती मात्र मागे पडली. आमच्याकडे रेडिओच्या जागी फोन आला इतकंच.

पण सगळ्यांची शाळा एकदम घरी येणं वेगळं आणि आजारामुळे एकट्याचीच शाळा घरी येणं वेगळं. सगळेच घरी होते तेव्हाही काही जणांचं घरी असणं जास्त अवघड होतं. त्यातल्या तिघांबद्दल मला आज सांगायचंय. नावं सांगणार नाही. तसं तिघांनीही बजावलंय. आपण त्यांना बाकावरून ओळखू.

पहिली खिडकीजवळची. सहावीत होती. तिला टाइप वन मधुमेह आहे. मधुमेह म्हटलं की तुम्हाला आजोबा आठवतात ना, बिनसाखरेचा चहा पिणारे? हा त्याहून निराळा. आपण खातो त्याची साखर होते, ती रक्तातून शरीराच्या पेशींत जावी लागते. त्यासाठी दार उघडणारी किल्ली म्हणजे इन्सुलिन. ते आपल्या स्वादुपिंडात तयार होतं. या मुलांचं शरीर ते तयार करणंच जवळजवळ थांबवतं. गोड जास्त खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही आणि डबा वाटून खाल्ल्याने तो कुणाला लागतही नाही. रोज इन्सुलिन टोचून घ्यायचं आणि खाण्याच्या वेळा सांभाळायच्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशी मुलं फार काळ जगत नसत. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरंटोला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. अगदी मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला.

पण इन्सुलिन घेतलं आणि जेवायला उशीर झाला, की रक्तातली साखर एकदम खाली येते. शाळेत असताना मला ते कळायचं. ती घामाघूम व्हायची, हात थरथरायचे, की मी म्हणायची, "जा, डब्यातलं काहीतरी खाऊन ये." फोनच्या पडद्यावर घाम दिसत नाही हो! त्यात आमची शाळा संध्याकाळची, म्हणजे नेमकी जेवणाआधीची. म्हणून तिची आई, ती आणि मी अशा तिघींनी बसून एक कागद तयार केला. साडेसातला तिने न विचारता उठायचं आणि खाऊन यायचं. कॅमेरा बंद दिसला तर कुणी हाका मारायच्या नाहीत. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्याजवळ. आणि वर्गातल्या कुणाला सांगायचं, ते तिने ठरवायचं. तिने एकाच मैत्रिणीला सांगितलं.

दिवाळीनंतरची गोष्ट. गणिताचा तास चालला होता. ही पाढ्यांत एकदम तरबेज. आणि त्या दिवशी म्हणते, "सात आठे चाळीस!" पोरं हसली. पुन्हा विचारलं तर ती चिडली, काहीतरी भलतंच बोलायला लागली. पोरं आणखी हसली. एक मुलगी मात्र हसली नाही. तिचा आवाज आला, "बाई, ती अशी कधीच बोलत नाही. तिला साखर द्यायला सांगा!"

घरात तेव्हा तिच्याशिवाय कुणी नव्हतं. आई कामावर, बाबा भाजी आणायला गेलेले. मी दुसऱ्या फोनवरून काकूंना फोन लावला. काकू धावत गेल्या, तीन चमचे साखर पाण्यात कालवून तिला पाजली. पंधरा मिनिटांनी मापली तेव्हा साखर सत्तरच्या वर आली होती. ती पंधरा मिनिटं आमचा अख्खा वर्ग पडद्यावर गप्प बसून होता. इतकी शांतता मी त्या वर्गात आधी कधी पाहिली नव्हती! शेवटी काकूंनी फोन तिच्यासमोर धरला आणि ती म्हणाली, "छप्पन्न. सात आठे छप्पन्न."

तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. अशा वेळी मूल शुद्धीवर असेल तरच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच मोठ्या माणसाला बोलवायचं आणि १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका मागवायची.

दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचीने स्वतःच अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं. इन्सुलिनचं पेन पडद्यासमोर धरून दाखवलं. पोरांनी काय काय विचारलं म्हणता! "दुखतं का?", "वाढदिवसाला केक खाता येतो का?" आणि एकाने तर, "इंजेक्शन चुकवायला काय बहाणा सांगतेस?" असंही विचारलं. तिने सगळ्यांना उत्तरं दिली. केक खाता येतो बरं का, त्याचा हिशोब करून इन्सुलिन घ्यावं लागतं. केंद्रीय बोर्डाने २०१७ सालीच अशा मुलांना परीक्षेच्या खोलीत चॉकलेट, फळ, सँडविच न्यायची परवानगी दिली, हे मी सांगितलं तेव्हा एकाला मधुमेही नसल्याचं फारच वाईट वाटलं!

दुसरा शेवटच्या बाकावरचा. त्याच्याबद्दल लिहिताना मला थोडं थांबत थांबत लिहावं लागतंय. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याचे आजोबा गेले. त्याला शाळेत सोडायला आणि न्यायला तेच यायचे. जूनमध्ये वर्ग सुरू झाले तेव्हा पडद्यावर त्याचं फक्त नाव दिसायचं. कॅमेरा बंद, आवाज बंद. तास सुरू व्हायची वेळ झाली की त्याचं पोट दुखायचं. रात्री झोप नाही. घरच्यांना वाटलं, अभ्यास टाळायची ढोंगं आहेत. पण मन फार ताणलं गेलं की पोट खरंच दुखतं, छाती खरंच धडधडते. परीक्षेच्या सकाळी तुमच्या पोटात गोळा येतो की नाही? त्याच्या पोटात तो रोज यायचा आणि जायचं नाव घ्यायचा नाही.

त्याला सल्ले पुष्कळ मिळाले. 'हसत राहा', 'विसरून जा', 'मुलासारखा मुलगा आणि रडतोस काय'. तापाने फणफणलेल्या माणसाला 'गार हो' म्हटलं तर होईल का तो गार? मी त्याच्या आईला आधी डॉक्टरांकडे आणि मग त्यांच्या सांगण्यावरून समुपदेशकांकडे पाठवलं. त्याच्यासाठी तीन गोष्टी मोकळ्या केल्या. कॅमेरा लावायची सक्ती नाही. उत्तर बोलून न देता लिहून दिलं तरी चालेल. आणि ज्या दिवशी तासाला बसवणार नाही, त्या दिवशी मी धडा आवाजात रेकॉर्ड करून पाठवीन, तो त्याने जमेल तेव्हा ऐकावा. "का बोलत नाहीस?" हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. "आज काय जेवलास?" हे मात्र रोज विचारायची. महिनाभर उत्तर आलं नाही. मग एक दिवस आलं, "पिठलं."

पण त्याला खरा बाहेर काढला तो मी नव्हे. त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोराला बुद्धिबळाचं वेड. त्याने काय करावं? घरी पट मांडला, प्यादं दोन घरं पुढे सरकवलं, पटाचा फोटो काढला आणि याला पाठवून दिला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी यानेही आपलं प्यादं सरकवून फोटो पाठवला. झालं, रोज एक चाल! 'कसा आहेस', 'बोल ना', काही नाही. नुसते घोडे, उंट आणि वजीर. पहिला डाव पुरा व्हायला गणपती येऊन गेले. डाव हरल्यावर याने त्या मित्राला पहिल्यांदा फोन केला आणि चांगला तासभर भांडला. त्याची आई मला सांगत होती, "मॅडम, इतका आरडाओरडा केला त्याने, मला रडूच आलं."

तो लगेच पूर्वीसारखा झाला असं नाही. चढउतार चालूच राहिले, औषध आणि समुपदेशन बरेच दिवस चाललं. पुढे डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा पहिले काही दिवस तो फाटकापर्यंत येऊन परत जायचा.

आता एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगते. तुमचा एखादा मित्र किंवा मैत्रीण फोनवर असं म्हणाली की 'मला जगावंसंच वाटत नाही' आणि वर शपथ घातली की 'कुणाला सांगू नकोस', तर ती शपथ खुशाल मोडा. त्याच क्षणी आईला, बाबांना, बाईंना, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्या मोठ्या माणसाला सांगा. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फुकट सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र कधीही लावा, मराठीतून बोलता येतं. मुलांसाठी १०९८ हा नंबरही आहेच. हे दोन्ही नंबर आमच्या वर्गात फळ्याच्या वर रंगवलेत, सुविचाराच्या जागी. सुविचार रोज बदलतो, हे बदलत नाहीत.

तिसरी मधल्या रांगेतली, आणि ती अलीकडची. शाळा सगळ्यांसाठी उघडी आहे, कोरोना मागे पडलाय, आणि हिला घरी बसावं लागलं. रक्ताचा कर्करोग. नाव भयंकर आहे, पण आज चांगले उपचार वेळेवर मिळाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात. मात्र उपचार लांबलचक आणि चिवट. औषधांनी रक्तातले रोगाशी लढणारे शिपाईच कमी होतात. वर्गातली साधी सर्दीसुद्धा अशा मुलीला दवाखान्यात पोचवू शकते. म्हणून डॉक्टरांनी कित्येक महिने शाळा बंद सांगितली. तिने आईकडून मला निरोप पाठवला, "मला वह्या नकोत, वर्ग हवाय."

मग मुख्याध्यापक सरांच्या परवानगीने फोन वर्गात आला. एका मुलाचे बाबा सुतारकाम करतात, त्यांनी प्लायवूडचा झकास स्टँड करून दिला. तो तिच्याच बाकावर, तिच्याच जागी ठेवला. पहिल्या दिवशी तिला फळ्यावर नुसता खिडकीचा उजेड दिसला आणि पंख्याची घरघर ऐकू आली! मुलांनी खटपट करून जागा शोधली, पडदा लावला, तासापुरता एक पंखा बंद ठेवला. रोज एक जण 'फोनवाला'. त्याने फोन चार्ज करायचा, फळ्याचा फोटो पाठवायचा, मधल्या सुट्टीत फोन व्हरांड्यात न्यायचा. एकदा फोनवाल्याने तिला खिचडी दाखवायला फोन इतका वाकवला की तो सरळ पातेल्यात! बिचारी चार मिनिटं डाळ-तांदळाच्या आतून आमचा आरडाओरडा ऐकत होती.

तर सुरुवातीची ती वादावादी याच वेळची. मी पटावरची नावं घेत होते. तिचं नाव आलं, फोनमधून 'हजर' आलं आणि एक जण उठून म्हणाला, "बाई, ती शाळेत नाहीये, मग हजर कशी?" दुसरा म्हणाला, "हा मागे बसून झोपतो तो हजर, आणि ती घरून सगळी उत्तरं देते ती गैरहजर? वा रे वा!" बरीच भवति न भवति झाली. पटावर काय लिहायचं ते सरकारी नियमाने ठरतं, पण वर्गाने आपला वेगळा तक्ता भिंतीवर लावला. त्यात तिच्या नावापुढे 'हजर, पण घरून' असं लिहायचं ठरलं. मागे झोपणाऱ्याच्या नावापुढे 'हजर, पण झोपून' लिहावं अशीही एक सूचना आली. ती मी नामंजूर केली.

पुढे सहलीची वेळ आली. मुलं कुजबुजायला लागली, तिला सांगायचं की नाही? वाईट वाटेल तिला. कुणी म्हणालं, त्या दिवशी फोन बिघडला म्हणून सांगू. मी म्हटलं, "तिलाच विचारा ना." विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मला वाईट वाटणारच आहे. पण तुम्ही न सांगता गेलात तर जास्त वाटेल. बसमधली भांडणं मला सगळी नीट सांगायची." केस गेल्यावर काही दिवस तिने कॅमेरा बंद ठेवला. कुणी चकार शब्द काढला नाही. मग एक दिवस लालभडक टोपी घालून पडद्यावर हजर! "बरी आहेस का, हे विचारू नका रे," ती म्हणायची, "ते घरी सगळे विचारतात. आज शिक्षा कुणाला झाली ते सांगा."

कायदा या मुलांच्या बाजूचा आहे, हेही तुम्हाला ठाऊक हवं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरलेत. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत, मानसिक आजारही आहे. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून तीव्र किंवा एकाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा हक्क आहे. मात्र कुठल्या वेळी कुणाला भूक लागते आणि खिडकीचा उजेड कुठून येतो, ते कायद्याला कसं कळणार? ते बाकावरच्या पोरांनाच कळतं.

मधल्या रांगेतली आता आठवड्यातून तीन दिवस तोंडाला मास्क लावून शाळेत येते. तिचा स्टँड कपाटावर ठेवून दिला होता. तो परवा पुन्हा खाली आला, कारण तिसरीतला एक पोरगा झाडावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याच्या आईने फोनची व्यवस्था मागितली. आम्ही लगेच हो म्हटलं. पण त्या गृहस्थांची एक अट आहे. फोन फक्त खेळाच्या आणि चित्रकलेच्या तासाला लावायचा, गणिताच्या तासाला पाय फार दुखतो म्हणे! आमची त्याच्याशी बोलणी अजून चालू आहेत.